भरावात मांडलेली खुर्ची

१२ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पायाचे चर खणून झाले, एवढी एक कामाची ओळ त्यात सापडली. बाकी दीड पान तू ठेकेदाराच्या स्वभावावर खर्च केलंस. किती गोड बोलतो, कधी नाही म्हणत नाही, काहीही सांगा, ‘हो साहेब’. अरे, गोड माणूस जावई म्हणून शोधतात. ठेकेदार कडू असलेला बरा. निदान खोटं बोलताना तोंड वाकडं झालेलं दिसतं. त्या तुझ्या होयबाला माझा नमस्कार सांग आणि त्याच्यावर नजर ठेव.

मी का बोलते ते तुला माहीत आहे. तरी पुन्हा सांगते, कारण तुझी स्मरणशक्ती सोयीची आहे. मी इथे गाळा घेतला ती इमारत नवी कोरी होती. भिंतींचा रंग हाताला लागत होता. बांधणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, “बाई, खाली वाळवीचं औषध मारलंय, नातवंडांपर्यंत बघायला नको.” नातवंडं मला नाहीत, पण वाळवीला झाली. कॉलेजचे बांधायला आलेले जुने अंक मागच्या फडताळातून काढायला गेले, तर गठ्ठा हातात पिसासारखा आला. पुठ्ठा शाबूत, पाठीवरची सोनेरी अक्षरं शाबूत, आणि आत पानांच्या जागी माती. लोकांनी विश्वासाने दिलेली पुस्तकं मी मातीची करून परत केली. मग फरशी फोडली, तेव्हा कळलं. खाली भरावात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, लाकडी खुंट्या, सिमेंटच्या कागदी पिशव्या, सगळं तसंच गाडलेलं. वाळवीला कोणी नुसतं बोलावलं नव्हतं, पान वाढून ठेवलं होतं.

आता आपल्या घराचा तळमजला माझ्या बाइंडिंगला द्यायचा असं आपलं ठरलंय. इथला गाळा सोडून, यंत्रं, कागद, सगळं घेऊन मी तिकडे येणार. या वयात तिसऱ्यांदा दुकान मांडायची मला हौस नाही, आणि चौथ्यांदा मांडायला मी उरणार नाही. तेव्हा ऐक. चराच्या तळाला आणि बाजूंना औषध. जोत्याची भिंत वर आली की तिच्या कडेने औषध. आत भराव घालून ठोकला की, काँक्रीट टाकायच्या आधी, सगळ्या भरावावर औषध. पाइप जमिनीतून वर येतात तिथे जास्त. लाकडाचा एक तुकडा खाली राहता कामा नये. आणि हे होताना तू स्वतः तिथे उभा राहा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांना चष्मे लावतोस, एखादा स्वतःच्याही लाव.

फोन करू नकोस. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस. कागदावर लिही.

ताई


२३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा तुझी वहिनी भाजी निवडत होती. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे पत्रच जोत्यात पुरा. वाळवी आसपास फिरकायची नाही.”

काम छान चाललंय. पाया झाला, जोत्याच्या भिंती गुडघ्याच्या वर आल्या. ठेकेदार रोज सकाळी हजर असतो. तुझ्या खोलीची खिडकी उत्तरेला मोठी ठेवायला सांगितली आहे. शिलाई करताना तुला सरळ ऊन चालत नाही, उजेड लागतो. कागद कापायचं यंत्र आत यावं म्हणून दार रुंद करून घेतोय. दाराच्या चौकटी लाकडाऐवजी लोखंडी करू का, असं विचारलं, तर तो ‘हो साहेब’ म्हणाला. तू आत्ता नाक मुरडलंस, ते मला इथून दिसतंय.

औषधाचं म्हणशील तर काळजी करू नकोस. ते बघितलंय.

थंडी आहे, गुडघ्यांना जप. सामान एकटी उचलू नकोस.

तुझा
धाकटा


३० जानेवारी

धाकट्या,

खिडकीवर चार ओळी, दारांवर तीन, माझ्या गुडघ्यांवर एक, आणि ज्यासाठी मी शाई खर्च केली त्यावर अर्धी. ‘ते बघितलंय.’ काय बघितलंस? औषध मारताना बघितलंस, औषधाचा डबा बघितलास, की ‘बघू या’ असं स्वतःशी म्हणालास? लहानपणी आई विचारायची, दूध प्यायलास का. तू सांगायचास, पेला धुतला. पेला धुतलेला असायचाच. दूध मांजरीच्या पोटात असायचं.

सरळ विचारते. कोणी मारलं? त्याचा पंप कसला होता? औषध पाण्यात मिसळलं तेव्हा ते दुधासारखं झालं का? मजुरांनी हातमोजे घातले होते का? संध्याकाळपर्यंत वास होता का? जो माणूस तिथे उभा होता त्याला ही उत्तरं झोपेतही देता येतील. जो नव्हता, तो पुन्हा माझ्या गुडघ्यांची चौकशी करेल.

मी गाळ्याच्या मालकाला सोडत असल्याचं सांगून टाकलंय. त्याने तोंडदेखलंही थांबा म्हटलं नाही. शिलाईच्या चौकटी, दाबाचं यंत्र, चामड्याच्या गुंडाळ्या बांधायला घेतल्या आहेत. आता मागे फिरायला जागा नाही. एवढं कळलं तरी पुरे.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

मारलं नाही.

आता पत्र फाडू नकोस, पुढचं वाच. चर खणताना मागच्या बाजूला माती ओलसर लागली. मुकादम म्हणाला, झिरपा आहे, पाणी पलीकडे विहिरीकडे जातंय. आपली मागची भिंत आणि ती विहीर यांच्यामध्ये कुंपणाच्या भिंतीशिवाय काही नाही. इथे जे ओतू ते तिथल्या बादलीत निघणार. त्याच दिवशी पलीकडची कुंपणाशी आली. म्हणाली, “काय ओतणार आहात रे?” मी सांगितलं. ती म्हणाली, “नातीला मूल झालंय. बाळंतपणाला इथेच आहे. पाणी याचंच पितो आम्ही.” एवढंच. भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी ठेकेदाराला नको म्हणून सांगितलं. तो ‘हो साहेब’ म्हणाला.

तुला आधीच का कळवलं नाही, ते तुलाही माहीत आहे. तू याच जागेत मागच्या शेडमध्ये पहिलं दुकान काढलंस आणि तिने खळीच्या वासाची तक्रार केली. अधिकारी आले, शेडला टाळं लागलं, तू गाव सोडलंस. मी काही विसरलेलो नाही. पण तिच्यावरच्या रागाचं औषध तिच्या पाण्यात कसं कालवू? दुसरा काही उपाय असेल तर शोधतोय. भराव अजून घालायचा आहे. थोडा धीर धर.

धाकटा


१३ फेब्रुवारी

ठेकेदार महाशय,

आपण मला ओळखत नाही. घराचे मालक म्हणून जे गृहस्थ आपल्याला दिसतात त्यांची मी थोरली बहीण. घर दोघांचं आहे, तळमजला माझा आहे, आणि त्यात काय मारायचं नि काय नाही ते मी ठरवणार.

जोत्यात भराव घालून ठोकलात की काँक्रीटच्या आधी वाळवीचं औषध पूर्ण भरावावर मारून घ्या. माणूस चांगला बोलवा. भरावात लाकूड, कागद, पोती काही गाडू नका. आपण गाडणार, हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिते. माझा भाऊ सकाळपासून दुपारपर्यंत दुकानात असतो. त्याला मधे घ्यायची गरज नाही. त्याचं मन मेणाचं आहे, जो बोट लावेल त्याचा ठसा उमटतो.

मागच्या विहिरीचा बाऊ करू नका. ती मी लहानपणापासून पाहिली आहे. माझ्याच काळात तिच्यात पाण्यापेक्षा पाचोळा जास्त होता. आता घरोघरी नळ आहेत. पलीकडच्या बाई कुंपणावरून आरडाओरडा करतील. लक्ष देऊ नका. तक्रार करणं हा त्यांचा एकुलता एक व्यासंग. वाळवी लाकूड खाते, या बाई माणसं खातात, आणि औषध फक्त वाळवीवर निघालंय.

झालं की कळवा.


१७ फेब्रुवारी

आदरणीय ताईसाहेब,

आपलं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला. आपल्यासारखी जाणकार माणसं हल्ली मिळत नाहीत. आपण म्हणता तसंच होईल. साहेबही फार चांगले आहेत, ते म्हणतात तसंही होईल. आपण बिलकूल काळजी करू नये. भराव पुढच्या आठवड्यात. माणूस सांगून ठेवला आहे.

आपला आज्ञाधारक
ठेकेदार


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

दुपारी तुझ्या दुकानात फोन केला. वाजत राहिला. घरी केला, कोणी नाही. त्या होयबाचा बंद. म्हणून लिहिते आणि हे आजच्याच गाडीने पाठवते. औषध मारू देऊ नकोस. सगळं सोड आणि जोत्यावर जाऊन उभा राहा.

मी तुझ्या ठेकेदाराला परस्पर पत्र लिहिलं होतं. मारा म्हणून. तुला न विचारता. हे वाचून तुला काय वाटेल ते नंतर वाटू दे, आधी जा.

झालं असं. होयबाने कोणी भुरटा आणून पाणी मारलं तर मला कळावं, म्हणून आज इथल्या औषधवाल्याकडे गेले. माझ्या गाळ्याची फरशी फोडली तोच. भयंकर आढ्यतेखोर माणूस. भिंतीवर कीटकशास्त्राची पदवी फ्रेम करून लावली आहे आणि खुर्ची अशी ठेवली आहे की येणाऱ्याला ती वाचावीच लागते. मी विचारलं, चांगलं औषध कसं ओळखायचं? त्याने उलट विचारलं, जागा कशी आहे? मी सांगितली. विहिरीचं नाव निघालं तसा त्याने पेन खाली ठेवला.

“मी हे काम घेणार नाही,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “तुम्हाला देतंय कोण? नुसतं विचारते आहे. वापरातली विहीर नाही ती.”

“वापरात नाही हे तुम्ही पाहिलंत?”

“मी तिथे लहानाची मोठी झाले.”

“म्हणजे पाहिलं नाहीत. बाई, तुम्हाला वाळवी मारायची आहे की शेजारी?”

असा अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता. मी उठले. दारापर्यंत गेले. मग परत येऊन बसले, कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. पिण्याच्या पाण्याजवळ, तेही झिरपा असलेल्या मातीत, हे औषध कोणी शहाणा मारत नाही, असं त्याने मला तीन तीनदा सांगितलं. तान्ह्या बाळाचं म्हटल्यावर तर तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जसं मी फडताळात वाळवीकडे पाहिलं होतं.

तू मला हेच लिहिलं होतंस. मी वाचलं आणि वाटलं, पलीकडचीने तुला पुन्हा गुंडाळलं.

दुसरा उपाय आहे, तोही त्याने सांगितला. फुशारकी मारत मारत, पण सांगितला. दगडाची बारीक चाळलेली कच भरावावर आणि भिंतींच्या कडेने थर देऊन ठोकायची. दाणा असा निवडायचा की वाळवीला तो उचलता येत नाही, आणि दोन दाण्यांच्या फटीतून तिचं डोकं जात नाही. पाइपांभोवती न गंजणाऱ्या पोलादाची बारीक जाळी घट्ट आवळायची. जोतं उंच ठेवायचं आणि बाहेरून उघडं, म्हणजे मातीची नळी चढली तर दिसते. त्यात विष नाही. आधी भरावातलं लाकूड वेचून काढायचं, हे मात्र मी म्हणायच्या आधीच त्याने सांगितलं.

जा आता. वाचत काय बसलास?

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

तुझा कालचा फोन मी उचलला नाही, कारण मी जोत्यावर होतो. तू केला होतास हेही वहिनीने दुकानातल्या फोनवर नंबर पाहून सांगितलं. आज मी तुला रागाने लिहितो आहे. मला सवय नाही, जमेल तसं घे.

काल सकाळी ठेकेदार फवारणीवाल्याला घेऊन आला. ड्रम, पंप, लांब नळी. मी दुकानात एका माणसाचे डोळे तपासत होतो. मजूर धावत आला. म्हणाला, “साहेब, एक म्हातारी भरावात खुर्ची टाकून बसलीय.”

मी त्या माणसाला एका डोळ्यावर झापड लावून तसाच सोडला आणि पळालो.

भरावाच्या मधोमध पलीकडची बसली होती. घडीची खुर्ची, शेजारी काठी, मांडीवर सूप. वाटाणे सोलत होती. फवारणीवाला नळी हातात धरून तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. “आजी, उठा हो. अंगावर उडेल.”

“उडू दे. पाण्यातून पिण्यापेक्षा अंगावर बरं. धुता तरी येतं.”

मी ठेकेदाराला म्हटलं, “मी नको सांगितलं होतं ना?”

“हो साहेब.”

“मग?”

“ताईसाहेबांचं पत्र आलंय, साहेब. त्या हो म्हणाल्या.”

त्याने खिशातून तुझं पत्र काढलं. मी ते घडी करून ठेवून देणार होतो. ताई, मी खरंच ठेवून देणार होतो. पण पलीकडचीने अक्षर ओळखलं. “तिचं आहे? वाच. मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येतं.”

मी म्हटलं, “राहू दे ना.”

“वाच म्हणते ना! माझ्या विहिरीचं आहे.”

मी वाचलं. सगळ्या मजुरांसमोर वाचलं. मेणाच्या मनाचंही वाचलं. ‘या बाई माणसं खातात’ हे मी पुटपुटत उरकलं, तर तिने तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं आता काठी फिरणार. ती हसली. एक शेंग फोडली आणि म्हणाली, “अक्षर अजून किती सुंदर आहे हो हिचं. आणि हिला सांग, मला मारायचं असेल तर स्वतः ये म्हणावं. औषधवाला कशाला पाठवतेस?”

मग ती वाकून बोलली, फक्त मला ऐकू जाईल असं. “अरे, नळाला पाणी येतं ते करंगळीएवढं. या ओळीतली सगळी घरं माझ्याकडून नेतात. तिला नसेल माहीत. पण तिने विचारायचं तरी.”

ताई, तू विचारायचंस तरी. दुकान तुझं, घर दोघांचं, सगळं मान्य. पण मी एक गोष्ट उभ्या आयुष्यात तुझ्या मताविरुद्ध ठरवली, आणि तू ती माझ्या पाठीमागून पुसून टाकलीस. तीही त्या माणसाच्या हातून, ज्याच्याबद्दल तूच मला सावध केलंस.

पुढचं ऐक. ती येण्याआधी एका कोपऱ्यात फवारणी झाली होती. विहिरीपासून सगळ्यांत लांबचा कोपरा, तेवढं नशीब. मी फवारणीवाल्याला ड्रम परत न्यायला लावला आणि मजुरांना सांगितलं, ओली माती खणून पोत्यांत भरा. कोरडी माती लागली तरी आणखी खाली जा. ती पोती त्यालाच घेऊन जायला लावली. तो कुरकुरला, पण पलीकडची उठायला तयार नव्हती, मग गेला.

आणि खणताना काय निघालं सांगू? फळ्यांचे तुकडे. सेंट्रिंगच्या खुंट्या, सिमेंटच्या पिशव्या, एक अख्खी मोडकी शिडी. एक फळी मी उलटी केली, तर खाली पांढरी वळवळ. ताई, अजून फरशीही पडलेली नाही आणि त्या राहायला आल्यासुद्धा! सगळं वरून औषधाने झाकलं असतं, काँक्रीट पडलं असतं, आणि तू माझ्याकडे नीट झालं का म्हणून विचारलं असतंस. मीही म्हटलं असतं, बघितलंय.

ठेकेदाराला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “हो साहेब.” पहिल्यांदाच मला त्या शब्दांचा अर्थ कळला. त्याला काही अर्थच नाही. त्याला मी तिथल्या तिथे घरी पाठवला. मुकादम काम पुढे नेतो म्हणालाय. सगळा भराव उपसायला सांगितलाय.

तेव्हा ठेकेदाराबद्दल तू बरोबर होतीस. बाकी सगळ्याबद्दल नाही.

धाकटा


६ मार्च

पलीकडच्या बाई,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आली आहे, तर लिहिते.

तुमच्या विहिरीजवळ औषध मारायचा हुकूम माझा होता. भावाचा नव्हता, त्याला माहीतही नव्हतं. तुम्ही खुर्ची टाकून बसला नसतात तर ते बाळाच्या पोटात गेलं असतं. ते माझ्यामुळे गेलं असतं. मी चुकले. याच्या पुढे ‘पण’ येत नाही.

आता दुसरं. याचा अर्थ मी बाकीचं विसरले असा काढू नका. त्या शेडमध्ये माझं पहिलं दुकान होतं. खळीला वास येतो, सगळ्यांना माहीत आहे. गव्हाच्या पिठाची खळ असते, अत्तर नव्हे. नाक दाबून चार पावलं चालत माझ्याकडे आला असतात, तर मी भांडं झाकून ठेवलं असतं. तुम्ही अर्ज केलात. टाळं लावायला तीन माणसं आली आणि तुम्ही खिडकीचा पडदा सरकवून बघत होतात. तो पडदा निळा होता. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं पडदा लक्षात ठेवते, काय बाई आहे! हो, आहे.

भावाने माझं पत्र मजुरांसमोर वाचलं असं कळवलं. त्यातलं ‘माणसं खातात’ हे वाक्य मला लिहिताना फार आवडलं होतं. आता आवडत नाही.

दगडाची कच आणि जाळी घालायची असं ठरलं आहे. त्यात विष नाही. खात्री करायची असेल तर औषधवाल्याचा पत्ता सोबत देते. माणूस असह्य आहे, पण खरं बोलतो. तुमचं त्याच्याशी जमेल.

बाळाची तब्येत कळवा. मला नको, माझ्या भावाला कळवलंत तरी चालेल.


२ एप्रिल

अलीकडच्या बाई,

तुझं पत्र वाचलं. चुकले म्हणायला पाच वाक्यं, आणि पडद्याला अर्धं पान. तुम्ही-बिम्ही कोणाला म्हणतेस? मी काय तुझी सासू आहे? शाळेत माझ्या डब्यातलं खायचीस तेव्हा अगं-तुगं चालत होतं.

पडदा हिरवा होता.

तक्रार मी केली होती. पुन्हा करेन. खळ आंबली की गल्लीत उभं राहवत नाही. आताही तू तळमजल्यावर भांडी चढवणार आणि माझ्या स्वयंपाकघरात वास येणार, हे मला दिसतंच आहे. पण या खेपेला अर्ज नाही करणार. सरळ तुझ्या दारात येऊन ओरडेन. तुझ्या भावाने दार रुंद ठेवलंय, बरंच झालं.

त्या औषधवाल्याला मी पत्र घातलं होतं. चार पानी उत्तर आलं, त्यातली दोन त्याच्या स्वतःबद्दल. उरलेल्या दोनांवरून काम बरोबर आहे असं कळलं. परवा कचीची गाडी आली, तर तुमच्या पुढच्या बोळातून वळेना. ड्रायव्हर शिव्या देत बसला, तुझा भाऊ नेहमीसारखा ‘बघू या, बघू या’ करत. मी कुंपणाची मागची भिंत फोडायला लावली. माझ्या अंगणातून गाडी आत घेतली. दोन गुलाब गेले. त्याचं मी ऐकवणार आहे, पत्रात नाही.

कच घालून झाली. मुकादमाने चाळणीतून पुन्हा चाळली, मी बघितली. तू म्हणशील, काय बघितलंस? तर ऐक. मूठभर हातात घेऊन बघितली, फळी ठेवून ठोकताना बघितली, पाइपांच्या जाळ्या हाताने ओढून बघितल्या. एक सैल होती, ती बदलायला लावली. वर काँक्रीट पडलं. त्यावर पाणी मारायला तुमच्याकडे पाणी आहे कुठे? रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या विहिरीतून बादल्या जातात. तुझं जोतं माझं पाणी पिऊन घट्ट होतंय. ते पाणी तू नासवायला निघाली होतीस, तेवढं त्याला सांगू नकोस.

बाळ बरं आहे. रडतं फार. माझ्यावर गेलंय म्हणतात.

भिंत अजून उघडीच आहे. गवंडी विचारतोय कधी बांधू. मी म्हटलं, थांब, तिचं यंत्र यायचंय, तेही बोळातून वळणार नाही. मग बघू.

सामान घेऊन लवकर ये. माझा डावा कान गेला आहे, भांडायचं असेल तर उजवीकडे बस.

पलीकडची